लाव्याच्या पाठीवरचा अंगठा

धातूला रंग चढवायच्या दिवशी घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा ओसातोच्या सासऱ्यांचा दंडक होता. कानाझावातल्या त्या गल्लीत योहेई म्हातारबांच्या रंगाला तोड नव्हती. सरदारांच्या कमरेला तलवारी होत्या तोवर त्यांनी मुठींवरची नक्षी घडवली. तलवारींवर बंदी आली तशी परदेशी लोकांसाठी फुलदाण्या नि धुपाटणी. गेल्या हिवाळ्यात त्यांचे डोळे गेले. छिन्नी मुलाकडे गेली, रंग सुनेकडे आला, आणि म्हातारबांकडे उरलं ते भट्टीशेजारी बसून दोघांना बोल लावणं. तेवढं मात्र ते जीव ओतून करत.

त्या दिवशी एका धुपाटण्याचं झाकण रंगवायचं होतं. झाकणावर तांब्याचा लावा पक्षी, पीस न् पीस कोरलेलं. ओसातोनं तो किसलेल्या मुळ्याच्या रसानं चोळून लख्ख केला. मुळा लागल्यावर धातूला माणसाचं बोट लागता कामा नये. अंगाचं तेल लागेल तिथं रंग धरत नाही. लावा पाण्यात सोडायची तार घ्यायला ती वळली आणि परत बघते तो म्हातारबांचा हात लाव्यापासून मागे येत होता. सवयीनं गेला असणार, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. लागला की नुसता जवळ गेला, हे तिला कळेना. तिनं देवाचं नाव घेतलं आणि लावा रंग चढवणाऱ्या, कळंक नि मोरचूद घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडला.

बाहेर आला तो गडद तांबूस, देखणा, आणि पाठीवर अख्खा अंगठा उमटलेला.

"अगं, हात लावलास?" तिचा नवरा इसाबुरो ओरडला. "उद्या व्यापारी येणार! तेल गेलं, तूप गेलं…"

"हाती धुपाटणं तरी आहे ना," ओसातो म्हणाली. "माझाच अंगठा लागला. चुकले."

कोपऱ्यात म्हातारबा गप्प झाले होते. ते गप्प झाले की ओसातोला धडकी भरे. आपल्या हातानं काम नासलं हे कळलं, तर ते पुन्हा कारखान्याचा उंबरा चढायचे नाहीत, आणि मग फार दिवस काढायचेही नाहीत. तिचा फार जीव होता त्या खडूस म्हाताऱ्यावर.

"इसाबुरो," ते हळूच म्हणाले, "ठशात आडवी रेघ आहे का रे? माझ्या अंगठ्यावर छिन्नीची जुनी खूण आहे."

रेघ होती, चांगली ठसठशीत. इसाबुरोनं ती पाहिली, मग बायकोकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. खोटं बोलायला तो लहानपणापासून कच्चा.

"नाही बाबा," तो म्हणाला. "साफ आहे ठसा. हिचाच."

म्हातारबांचा श्वास मोकळा झाला. "मग आवाज कशाला चढवतोस तिच्यावर? आणि सूनबाई, तू! अक्कल काय मुळ्याबरोबर किसलीस? दहादा सांगितलं, हात लावू नये…" आणि त्यांची गाडी रुळावर आली. ती थांबेचना. ओसातो कोळशाच्या भुकटीनं रंग उतरवत "होय मामंजी, होय मामंजी" करत राहिली, आणि इसाबुरो तोंड फिरवून हसू दाबत राहिला.

लावा पुन्हा उघडा झाला, तेव्हा तिनं तो उचलून म्हातारबांच्या दोन्ही हातांत ठेवला.

"मामंजी, मुळा लावायचाय. त्याआधी तुम्ही बघून घ्या."

त्यांची बोटं चोचीपासून निघाली. एकही पीस त्यांनी सोडलं नाही.

"शेपटीपाशी घाई केलीय गाढवानं."

"मग बोला ना त्यांना," ओसातो म्हणाली, आणि मुळा किसायला बसली.