अर्ध्या गोळीची रेघ

मित्रांनो, मी गोळ्या पाडणारे एक जुने यंत्र आहे. खाऊच्या गोळ्या नव्हेत, औषधाच्या. सध्या कारखान्याच्या शिकवणी-खोलीत खिडकीपाशी उभे असते आणि नवे कामगार माझ्याकडे बघून काम शिकतात. पूर्वी मात्र तासाला जवळजवळ चाळीस हजार गोळ्या पाडत होते.

माझे अंग बिडाचे. मला एका ओतशाळेत ओतले, दुसऱ्या कारखान्यात घासले-जोडले आणि ट्रकवर दोरखंडाने करकचून बांधून इथे आणले. माझ्या पोटात एक जाड गोल तबकडी आहे. तिला सोळा भोके. प्रत्येक भोकासाठी वरून एक आणि खालून एक पोलादी पंच, म्हणजे दाबणारा दांडा. वरच्या नरसाळ्यातून पावडर भोकात पडते, दोन पंच तिला दोन्हीकडून दाबतात आणि गोळी तयार होते. आमची गोळी तापाची होती. तिच्या मधोमध एक रेघ असे, कारण मोठ्या माणसाला अख्खी गोळी द्यायची आणि लहान मुलाला अर्धी.

मला खोड एकच, चौकशीची. गोळ्या पिंपात पडत, पिंप दाराबाहेर जाई. पुढे काय? कोण घेते? किती लांब जाते? मी जागचे हलणार नाही, मग कळणार कसे?

मला चालवणारे होते मिस्त्री. ते माझ्या आवाजावरून माझे दुखणे ओळखत. कारखान्याचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा आमचा कमावता मुलगा." मी फुशारून जाई.

माझ्या आणि पिंपाच्या मधली जागा मावशींची. पांढरी टोपी, जाड चष्मा. त्यांच्यासमोरच्या पट्ट्यावरून गोळ्या सरकत आणि त्या फुटकी, डागाळलेली गोळी वेचून काढत. त्यांची सून दुसऱ्या पाळीत पॅकिंगला होती.

एकदा परदेशातून मोठी ऑर्डर आली. त्या ऑर्डरवरच दुसरी पाळी उभी होती, चाळीस माणसांची. माल आठवड्याच्या आत बोटीवर चढायचा होता आणि नेमका तेव्हाच माझा एक पंच टवका उडून निकामी झाला. नवा यायला दहा दिवस. मिस्त्रींनी कपाटातून जुन्या संचातला एक पंच काढला, पुसला, मापून पाहिला. लांबी तंतोतंत. त्यांनी तो बसवला आणि मला सुरू केले. त्या पंचावरची, गोळीवर रेघ पाडणारी धार झिजली होती, तिकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मावशींनी पट्टा थांबवला.

"मिस्त्री, इकडे या जरा. ही गोळी मोडा."

मिस्त्रींनी मोडली. एक तुकडा मोठा, एक लहान, बाकीचा चुरा बोटांना लागला.

"एखादी असते हो अशी."

"एखादी? मी सकाळपासून मोजतेय. दर सोळावी."

मिस्त्रींचा चेहरा पडला. साहेब आले. त्यांनीही दहा-बारा गोळ्या मोडून पाहिल्या. "मावशी, औषध तेच आहे, वजन तेच आहे. पुसट आहे ती फक्त रेघ. बोट चुकली तर दुसरी पाळी बंद करावी लागेल. तुमच्याच सुनेची पाळी आहे."

"ठाऊक आहे साहेब. पण एखाद्या लहानग्याला यातला मोठा तुकडा गेला, तर त्याच्या आईला मी काय सांगू? बोट गाठायची होती म्हणून?"

मग मिस्त्री म्हणाले, "चूक माझी आहे. जुना पंच मी बसवला. थांबवा माल."

दोन लाख गोळ्या पोत्यांत भरून नष्ट करायला गेल्या. साहेबांनी घेणाऱ्याला खरे कारण कळवले. बोट निघून गेली, ऑर्डरही हातची गेली आणि दुसरी पाळी बंद झाली. सून आपला डबा न्यायला आली तेव्हा म्हणाली, "आई, सगळ्या जगाच्या लेकरांची काळजी तुम्हाला. आपल्या घरचं कोण बघणार?" मावशी चष्मा पुसत राहिल्या.

मी रोज अर्धा दिवस मुके राहू लागले आणि गंमत पाहा, मी थांबल्यावरच माझे कोडे उलगडू लागले. रोज कोणी ना कोणी दारात येऊन विचारी, "दुसरी पाळी कधी सुरू होणार?" खोकी करणारा आला. गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या पुरवणारा आला. टेंपोवाला आला. पांढरे डगले धुणारा परीट आला. त्याने दोन माणसे कमी केली होती. माझ्या एवढ्याशा गोळीला इतक्या चुली जोडल्या असतील, असे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

तीन महिन्यांनी तो परदेशी घेणारा स्वतः आला. मी तेल लावून चकचकीत उभे होते. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही! सरळ मावशींच्या टेबलाशी गेला, तिथे तासभर बसला. दुभाष्याकरवी म्हणाला, "गोळ्या कुठेही मिळतात. चूक स्वतःहून सांगणारे क्वचित मिळतात." ऑर्डर परत मिळाली, पण पहिल्याच्या निम्मी. दुसऱ्या पाळीत वीसच माणसे परतली. सून त्यांत होती. उरलेल्या वीस जणांना वर्षभर वाट पाहावी लागली, हेही मी लपवणार नाही.

आता शाळेची मुले मला पाहायला येतात. साहेब त्यांना सांगतात, की अशा गोळ्या परदेशात विकून आलेल्या पैशातून देश आपल्याकडे नसलेल्या कितीतरी वस्तू बाहेरून आणतो. परवा एका चिमुरडीने विचारले, "पण सगळे बरे झाले तर तुमचा कारखाना बंद पडेल ना?"

साहेबांच्या मागे मिस्त्री उभे होते, आता निवृत्त, सहज भेटायला आलेले. ते हसून म्हणाले, "पडू दे की! बरी झालेली माणसं घरी थोडीच बसणार? कोणी शेत नांगरेल, कोणी शाळेत शिकवेल, कोणी दुसरा कारखाना काढेल. आजारी माणसांच्या जिवावर देश चालत नसतो, पोरी."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. उद्या तुम्हीही कुठल्या तरी कामावर उभे राहाल. यंत्राला वेळेवर तेल द्या, झिजलेला भाग बदला. आणि काही चुकते आहे असे दिसले, तर घाई कितीही असो, लाल बटण दाबा. आम्ही यंत्रे चुकीची गोळीही तितक्याच जोमाने पाडत राहतो. आम्हाला आपणहून थांबता येत नाही.