घारकाकांचा फोकस

घारकाकांना सकाळपासून चैन नव्हतं. बसले की उठत होते, उठले की बॉनेट उघडत होते. हेडलाइटची काच तर इतकी पुसली की लेक म्हणाली, "बाबा, आता ती झिजेल."

कारखान्याची दुसरी पाळी सुटली की तिथल्या बायकांना घरोघर सोडायचं काम त्यांचं. नावही त्या बायकांनीच ठेवलेलं. या माणसाची नजर घारीची, अंधारात रस्त्यावरचा खिळा दिसतो, असं त्या कौतुकानं सांगायच्या आणि काका मिशीत हसायचे. परवा मात्र तळ्याकाठच्या वळणावर एक सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. तो ओरडला म्हणून वाचला. मागच्या बायकांना वाटलं, काकांनी खड्डा चुकवला. काकांनी तसंच वाटू दिलं, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

दोष बल्बांचाच, हे त्यांनी ठरवून टाकलं. नाचता येईना, अंगण वाकडं! दिवस कलता कलता ते गॅरेजात पोचले. लेकीला पुढे बाजारात जायचं होतं, म्हणून तीही गाडीत होती. तिला गाडी येत होती, पण तिच्या हाती देणं म्हणजे गाडीला शिक्षा, असं काकांचं मत.

तिथला वायरमन पटकन तापायचा, म्हणून त्याला सगळे फ्यूजभाऊ म्हणत.

"गेल्या महिन्यातच बदलले ना, काका? याहून जास्त उजेडाचे लावले तर समोरचा शिव्या घालेल."

"घालू दे. तू लाव."

बल्ब बसले. फ्यूजभाऊनं शटर ओढून अंधार केला. समोरच्या भिंतीवर खडूची ठळक आडवी रेघ होती. उजेड तिच्या वर गेला की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. भाऊ बॉनेटमध्ये डोकं घालून दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा आणि कुठे थांबायचं ते सीटवर बसलेल्यानं सांगायचं, अशी तिथली पद्धत.

दिवे लागले. भिंत पांढरी झाली. काकांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. रेघ काही सापडेना.

"आला का रेघेपर्यंत?"

"अजून थोडा... वर घे... हां, बस!"

शेजारी बसलेली लेक हळूच म्हणाली, "बाबा, उजेड छताला लागलाय."

भाऊनं डोकं बाहेर काढलं. "छतावर कुणाला सोडायचंय, काका?"

काका हसले, उतरले आणि भिंतीपाशी जाऊन त्यांनी बोट फिरवलं. बोटाला खडू लागला. रेघ जागच्या जागी होती.

"डोळ्यात कचरा गेलाय," ते म्हणाले.

लेकीनं वाद घातला नाही. फोकस तिनंच सांगून नीट करून घेतला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. "कचरा निघेपर्यंत मी चालवते."

बाहेर अंधारून आलं होतं. पाळी सुटायला अजून वेळ होता. तोवर दिसेल नीट, काका स्वतःला समजावत होते. गाडी हातची गेली तर आपण कोण उरणार, हा विचार मात्र पाठ सोडत नव्हता. शेजारच्या सीटवर ते एक क्षण स्वस्थ बसले नाहीत. "अगं गिअर! आरसा बघ!" आणि नसलेला ब्रेक त्यांचा पाय सारखा दाबत होता.

तळ्याकाठच्या वळणावर लेकीनं गाडी जवळजवळ थांबवली.

"इथं कशाला थांबतेस? रस्ता मोकळा आहे."

"सायकलवाला गेला ना, बाबा."

"कुठून?"

"समोरून. आपल्याच उजेडातून."

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे नुसता काळोख होता.

"कपडे काळे असतील त्याचे."

"पांढरा शर्ट होता."

काकांचा पाय थांबला. परवाच्या सायकलवाल्याची किंकाळी त्यांच्या कानात पुन्हा उठली.

"गाडी कडेला घे," ते म्हणाले. मग फोन काढून त्यांनी लेकीकडे दिला आणि तिच्याकडूनच कारखान्याच्या सुपरवायझरचा नंबर लावून घेतला.

"साहेब, आज बायकांना सोडायला दुसरा माणूस बघा." "नाही, नाही, गाडी ठणठणीत आहे. मलाच दिसत नाही."