पाचवरून आठवर

इंटरकॉमच्या मुख्य यंत्रावरचं बटण मागच्या वर्षी पाचवर ठेवलं की पुरायचं; आता ते आठवर होतं, तरी ताईंना आवाज गोधडीआडून आल्यासारखा वाटत होता. नाट्यगृहातले सहा हेडसेट एका तारेवर जोडून सगळ्यांचा आवाज नीट लावायचा, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या.

"ताई, कमी करा हो!" माळ्यावरून दिवेवाला कळवळला. "बायकोसुद्धा एवढ्या जोरात ओरडत नाही."

"तुझं तूच कमी कर."

"माझं शून्यावर आलंय!"

ताईंनी सुस्कारा सोडला. या कर्कश आवाजाला कंटाळून काल पडदेवाल्याने हेडसेट काढून ठेवला होता. त्याला 'थांब' ऐकूच गेलं नाही, आणि पडद्याचा लोखंडी दांडा नटीच्या खांद्याला घासून खाली आला.

तारेच्या एकाच टोकाला रोध, म्हणजे विजेला अडवणारा छोटा तुकडा, लावायचा असतो. चुकून दोन्हीकडे लागला की आवाज पडतो. तीच चूक निघावी, अशी आशा धरून त्या जड पायांनी जिने चढल्या-उतरल्या. रोध एकच होता. तार तपासायच्या मीटरचा काटाही हवा तिथे होता. बिघाड तारेतच आहे, अशी थाप त्या तीन महिने स्वतःच्या मनाला मारत आल्या होत्या.

"सापडलं का काही?" दिवेवाल्याने विचारलं.

त्यांनी बोलायचं बटण दाबलं. "सगळे ऐका रे. तार ठणठणीत आहे, माझेच कान गेलेत. उद्यापासून आवाज दुसऱ्या कुणीतरी लावायचा."