हरल्याशिवाय गेलेला

माझ्या थोरल्याला कुणाचं बोलणं पुरं होऊ द्यायची सवय नाही. समोरचा तोंड उघडतो आणि हा "कळलं, कळलं" म्हणत पुढे निघतो. कळलेलं मात्र काही नसतं. त्याने शोच्या कुस्त्यांची कंपनी काढली, तिच्या गोष्टीही तो तशाच लिहायचा. या कुस्त्यांत कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं आणि बघणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. लोक येतात ते कुणावर तरी जीव लावायला, कुणाला तरी मनसोक्त शिव्या घालायला. थोरल्याच्या गोष्टीत आजचा मित्र उद्या वैरी, परवा पुन्हा मित्र. मी पैलवानांचे कपडे शिवते, पडद्यामागे बसते. लोकांचं बोलणं कानावर पडायचं. "आता हा कुणाच्या बाजूचा आहे रे?" मी थोरल्याला म्हटलं, एकाला तरी चार आठवडे नीट उभा राहू दे. म्हणाला, "कळलं."

उभा राहिला तो एकच, माझा धाकटा. त्याच्यासाठी कुणी काही लिहायची गरज नव्हती. मी शिवलेला निळा झगा घालून, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांशी गप्पा मारत तो रिंगकडे यायचा. इतका वेळ लावायचा की थोरला आतून हातवारे करायचा. मग एका सोमवारी सकाळी अंघोळीला गेलेला धाकटा बाहेर आलाच नाही. तिशीही ओलांडली नव्हती.

या धंद्यात एक रीत आहे. कंपनी सोडून जाणारा शेवटची कुस्ती हरून जातो, म्हणजे मागे राहणाऱ्याचा मान वाढतो. धाकटा गेला तेव्हा विजेत्याचा पट्टा त्याच्याकडेच होता. थोरल्याने एकामागून एक तिघांना तो बांधून पाहिला. लोक टाळ्या वाजवीनात की शिव्या घालीनात. खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या.

तिसऱ्या महिन्यात तो माझ्या मशीनपाशी येऊन बसला.

"आई, त्याच्या झग्यासारखा दुसरा शिवून दे. सुरुंग तो रिंगमध्ये फाडणार."

सुरुंग म्हणजे आमचा खलनायक. दिसायला डोंगर, एरवी धुळीने शिंकत बसणारा, मला मावशी म्हणणारा. धाकट्यानेच त्याला न लागता पडायला शिकवलं होतं.

"मेलेल्याला हरवायचं?" मी विचारलं.

"त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. लोक अजून त्याचीच वाट बघतायत."

"बघणारच. तू एकदा तरी रिंगमध्ये उभं राहून सांगितलंस का, तो गेला म्हणून?"

"बाहेर पाटी लावली होती."

"पाटी तर मुतारीवरही असते."

तो नखं कुरतडायला लागला. लहानपणी मार बसायच्या आधी कुरतडायचा तशी. मी विरघळले आणि हो म्हटलं. ते पाप माझ्या पदरात आहे, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

फाडायचे कपडे आम्ही वेगळे शिवतो. नुसता धावदोरा घालायचा, ओढला की उसवतो. तसा दुसरा झगा मी दोन दिवसांत केला. खरा माझ्या कपाटात होता, काखेत रफू केलेला. तो मी धुतला नव्हता.

थोरल्याने पोस्टर लावलं, 'निळा झगा पुन्हा रिंगमध्ये'. रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. काही जण निळे शर्ट घालून आले होते. त्यांना काय वाटलं असेल ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सुरुंगने झगा उंच धरून ओढला. फाटला नाही. पुन्हा ओढला. शिवण ढिम्म. दुहेरी शिलाई होती, माझ्याच हातची. हा खरा झगा होता. कपाटाची किल्ली कुठे असते ते थोरल्याला ठाऊक होतं.

सुरुंगनेही ओळखला. काखेतलं रफू त्याने बोटाने चाचपलं आणि एवढा धिप्पाड माणूस भर रिंगमध्ये झग्याची घडी घालायला लागला. बाह्या आत, कॉलर वर. कुणी ओरडलं नाही. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली, मग तिच्या मागचे, मग सगळेच. इतक्या दिवसांनी तिथे कुणीतरी धाकट्यासाठी उभं होतं.

तेवढ्यात थोरला माझी कापडाची कात्री घेऊन रिंगमध्ये चढला. सुरुंगच्या हातून झगा हिसकावून त्याने खांद्यापासून खालपर्यंत कापला आणि माइकवर म्हणाला, "संपलं."

उभे असलेले लोक दाराकडे वळले. शिवी नाही, ढकलाढकली नाही. खुर्च्या सरकल्याचा तेवढा आवाज.

आत येऊन थोरला सुरुंगवर धावून गेला. सुरुंग भिंतीला टेकून रडत होता. मी मध्ये उभी राहिले.

"खरा का नेलास?"

"खोट्याने लोकांना पटलं नसतं." मग तो खाली बसला. "रोज मलाच विचारतात, आई, धाकटा कधी येणार. न्हाणीचं दार मी तोडलं. पहिला मी पाहिला त्याला. कुणीतरी संपलं म्हणायला नको?"

झग्याचे दोन्ही तुकडे माझ्या हातात होते. त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं. घेतलं नाही.

"गोष्टी आता सुरुंग लिहील," मी म्हटलं. "कुठे थांबायचं ते त्याला कळतं, तुला नाही. तू पुढच्या रविवारपासून दाराशी उभा राहायचंस. जो विचारेल त्याला तुझ्या तोंडाने सांगायचं, माझा भाऊ मेला. कात्रीने नाही, पोस्टरने नाही. आणि त्या सोमवारी मी घरी परतले तेव्हा मलाही तू सांगितलं नाहीस, शेजारणीने सांगितलं. तेव्हा आधी मला सांग."