इतर कारण

सुहैलानं एकशेएकोणिसावी प्रश्नावली गठ्ठ्यावर ठेवली आणि शेवटची कोरी समोरच्या पलंगावर भिरकावली.

"दायांग, एवढी एक भर गं. एकशेवीस झाल्या की प्रबंधाच्या मॅडम सुटतील आणि मीही."

"आणि मला काय मिळणार?"

"माझा आशीर्वाद."

"ताई, त्यापेक्षा थंड मिलो पाज."

विद्यार्थी विमानाची तिकिटं ऑनलाइन का काढतात, हा विषय. किंमत, सोय, जाहिरात. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. दायांग पालथी पडून गोल करत होती. सारावाकमधल्या घरून परतून तिला तीनच दिवस झाले होते. टेबलावर तिच्या आईनं पाठवलेले तांदळाचे घारगे होते. सुहैला मुसलमान, म्हणून नव्या कढईत वेगळे तळलेले. सुहैलानं डबा उघडलाही नव्हता.

एप्रिलमध्ये दायांग सुगीच्या सणाला घरी जाण्यासाठी सिबू शहरातल्या नेहमीच्या तिकीट एजंटाला फोन लावत होती. सुहैलानं तो काढून घेतला होता. "कुठल्या जमान्यात राहतेस?" म्हणत तिनंच सर्वांत स्वस्त तिकीट काढून दिलं, साडेतीनला सिबूला उतरणारं. नदीवरून गावाकडे जाणारी शेवटची बोट अडीचला सुटते, हे तिला ठाऊक नव्हतं. एजंटानं न विचारताच सकाळचं विमान दिलं असतं. दायांगच्या लक्षात आलं तोवर पैसे भरून झाले होते.

"जाऊ दे, एका रात्रीनं काय होतंय," ती म्हणाली होती.

सुगीच्या सणाची ती रात्र तिनं सिबूच्या लॉजवर काढली. उद्या येते असं कळवूनही आजोबा गावच्या धक्क्यावर शेवटच्या बोटीपर्यंत थांबले होते. त्याच रात्री, भरल्या पंगतीत, त्यांचं अर्धं अंग गेलं. वाचाही गेली.

"घे, झालं."

किंमत, दोन. सोय, दोन. जाहिरात, एक. खाली 'इतर कारण'च्या रेघेवर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'मैत्रिणीनं काढून दिलं. तिच्यावर विश्वास आहे.' त्या रेघेपुढे आकडे नव्हतेच. दायांगनं स्वतः एक ते पाच लिहून पाचाला गोल केला होता.

"हे माझ्या तक्त्यात बसत नाही," सुहैला कागदाकडे बघत म्हणाली.

"मग नवा रकाना कर. एवढी शिकलीस ना?"

कागद गठ्ठ्यावर ठेवत सुहैलानं विचारलं, "आजोबा कसे आहेत?"

"जेवतात." दायांग पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. "शेवटच्या बोटीची वेळ झाली की नदीकडे हात करतात. आई खुर्ची वळवून देते."

सुहैलानं डबा उघडला. घारगा वातड झाला होता. ती बराच वेळ चावत राहिली.