उंची

“गुडघा घट्ट धरा, ताई. हलू देऊ नका.”

कलाबाईनं मुलाचा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. सहादेवनं प्लास्टरची ओली पट्टी महेंद्रच्या पोटरीवरून घोट्याकडं आणि घोट्यावरून तळव्याकडं गुंडाळत नेली. नगरच्या त्या दवाखान्यात अपंगांसाठी पट्टे, बूट, कॅलिपर बनवायचं काम सहादेव करायचा. महेंद्रचा पाय घाबरून आणखीच ताठ झाला. सहादेव थांबला, पाय सैल पडायची वाट बघत राहिला, मग पुन्हा गुंडाळायला लागला.

महेंद्र पंधरा वर्षांचा होता. जन्मला तेव्हा बराच वेळ रडला नव्हता. पुढं डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं नाव सांगितलं, पण कलाबाईच्या तोंडात ते कधी बसलं नाही. “पायात ताठा हाय त्याच्या,” एवढंच ती सांगायची. टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांना घासणारे. घरात तो हातांवर सरकत फिरायचा.

“ह्यानं चालंल का हा, भाऊ?” तिनं विचारलं.

“पाय बिघडलेला न्हाई, ताई. मेंदूचा हुकूम नीट पोचत न्हाई, म्हणून पोटरी आखडती. ह्या साच्यावरून प्लास्टिकची पट्टी करायची. ती घोट्याला सरळ धरून ठेवती. टाच टेकली की गुडघ्याला आधार, अन् गुडघ्याला आधार मिळाला की कमरेला. पण आजार ह्यानं जात न्हाई. खोटं कशाला सांगू? आधी उभा तर राहू द्या.”

दोन्ही पायांचे साचे कापून काढल्यावर पाय धुवायला पाणी हवं होतं. कलाबाई बादली घेऊन बाहेरच्या नळावर गेली. परत आली तेव्हा आतून महेंद्रचा आवाज येत होता. त्याला शब्द ओढून ओढून काढावे लागत. ती दारातच थांबली.

“काका, मला... चालायचं न्हाई.”

“मग?”

“उभं राह्यचंय. लघवीला. एकट्याला.” त्यानं पायाला चिकटलेलं प्लास्टर नखानं खरवडलं. “आई धरती. मी आता... मोठा झालोय.”

सहादेव हसला नाही. “जमंल,” तो म्हणाला. “पण नुसती पट्टी घालून भागायचं न्हाई. पोटरी रोज ताणायची, रोज उभं राह्यचं. कटाळा करायचा न्हाई.”

कलाबाई बादली धरून तशीच उभी राहिली. तिचा नवरा कोंडीराम होता तेव्हा हे काम त्याचं होतं. नागापूरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम करून आला की आधी पोराला उचलून, बुटक्या दारातून वाकून मोरीत न्यायचा. ‘कपाळ संभाळा,’ असं ती दर वेळी मागून म्हणायची. दोघं आत काहीतरी बोलत, हसत. दोन वर्षांमागं काविळीनं तो गेला आणि ते काम तिच्याकडं आलं. ती ते जेवू घातल्यासारखं, अंघोळ घातल्यासारखं करत आली होती. आत्ता तिला कळलं, की भर उन्हाळ्यातसुद्धा हा दिवसदिवस पाण्याचा घोट का घेत नाही ते. ‘तहान लागत न्हाई मला,’ असं तो म्हणायचा आणि तिला ते खरं वाटायचं.

तिनं बादली मुद्दाम उंबऱ्यावर आपटली आणि मग आत गेली.

पट्ट्या मिळाल्या, पण पहिल्याच आठवड्यात डाव्या घोट्याचं हाड लालभडक झालं. महेंद्रनं पट्टी ओढून काढली आणि कॉटखाली सरकवून दिली. शेजारच्या रंगुबाईनं ते पाहिलं.

“कशाला गं छळतीस लेकराला? हाय तसा सुखानं राहू दे की.”

कलाबाईला ते पटलंही असतं. पण तिला दारातून ऐकलेलं आठवलं. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ती पट्टी पिशवीत घालून निघाली. महेंद्रला एका रिक्षावाल्यानं उचलून बसवलं.

सहादेवनं प्लास्टिक गरम करून घोट्यापाशी बाहेर फुगवलं, आतून मऊ अस्तर लावलं. “सुती मोजा घालायचा. सुरुवातीला थोडाच वेळ. काढल्यावर लाली लगेच गेली पाह्यजे. न्हाई गेली, तर घालायची न्हाई, माझ्याकडं यायचं.” मग त्यानं भिंतीजवळचा लोखंडी वॉकर पुढं ओढला. “हा बी घेऊन जा.”

त्यानंतर रोज संध्याकाळी कामावरून आली की ती त्याचा पाय मांडीवर घेई आणि तळवा हळूहळू वर दाबत राही. तो ओठ चावत छताकडं बघायचा. पावसाळा असाच गेला.

दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी वॉकरला धरून, गुडघे थरथरत, महेंद्र कॉटवरून उठला. याआधीही तो उठायचा, पण अर्ध्यातून खाली बसायचा. आज गुडघे हळूहळू सरळ होत गेले आणि टाचा जमिनीला चिकटून राहिल्या. कलाबाई त्याला सावरायला समोर उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर आधी त्याचं कपाळ होतं, मग नाक, मग हनुवटी. शेवटी तिला मान वर करावी लागली.

पंधरा वर्षं तिनं त्याला वरून पाहिलं होतं. जमिनीवर सरकणारा माणूस किती उंच आहे, हे कधी मनातच येत नाही.

“काय गं?” त्यानं विचारलं.

“काय न्हाई. बस आता, पाय दुखतील.”

“थांब जरा.”

ती थांबली. त्याचे खांदे कोंडीरामसारखे रुंद होते. ती बघत राहिली. हे बघायला तो पाहिजे होता, असं तिला वाटलं. मग तो नसण्याचा राग आला, आणि मग पुन्हा नुसतंच बघावंसं वाटलं.

थंडीतल्या एका रविवारी ती अंगणात तांदूळ निवडत होती. वॉकरचा खडखडाट तिच्या मागून मोरीकडं गेला. ती सवयीनं उठली.

“तू बस,” महेंद्र म्हणाला.

“पडशील.”

“बस तू, आई.”

मोरीचं पत्र्याचं दार ओढलं गेलं. आतून कडी लावायला त्याला वेळ लागला. एकदा निसटली, दुसऱ्यांदा बसली. कलाबाई सूप मांडीवर घेऊन दाराकडं पाठ करून बसली. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. तिनं एकेक खडा वेचून बाजूला टाकला, चांगले तांदूळसुद्धा टाकले.

तांब्याचा आवाज झाला. कडी निघाली. आता न वळता तिला राहवेना.

दाराची चौकट बुटकी होती. महेंद्र वॉकर पुढं ढकलत, मान खाली घालून, वाकून बाहेर येत होता.

“कपाळ संभाळा,” ती म्हणाली.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की पोराला ती कधी अहोजाहो करत नाही.