उजवं चाक थंड

कप्तानाने समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर. पण काकांनी म्हातारपणी आपली मोटरबोट त्याच्या गळ्यात मारली, तेव्हापासून पांढरी टोपी काही त्याच्या डोक्यावरून उतरली नव्हती, जेवतानासुद्धा. कप्तान हे नावही त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलेलं. बोट घासूनपुसून लख्ख. तिला वाहून नेणारा ट्रेलर मात्र रस्ताभर कण्हत यायचा. तळ्यावर पोचलं की बोट उतरवायच्या रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून हा पठ्ठ्या तापलेली चाकं तशीच पाण्यात घालायचा. मग चाकाच्या मधोमध असलेल्या हबमध्ये पाणी शिरायचं आणि आतली बेअरिंगं गंजायची.

"ताई, जरा ग्रीस मारून दे," शनिवारी सकाळी तो बहिणीच्या गॅरेजात येऊन म्हणाला. "उद्या बाबांना बोटीत बसवतोय."

ताईने चाक धरून हलवलं. ते पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं.

"ग्रीसने काय होतंय? हब गेलेत, बेअरिंगं गेलीत. दोन्ही बाजूंना नवीन टाकावं लागेल."

"मग एक बाजू तू कर, एक मी करतो. गॅरेज माझंही आहे म्हटलं!"

हे खरं होतं. निदान पाटीवर तरी. तो दोन वर्षांचा असताना बाबांनी हौसेने पाटीवर 'अँड सन' रंगवून घेतलं होतं. त्यानंतर त्या सनचे पाय गॅरेजला लागले ते टायरमध्ये हवा भरण्यापुरते. पंधरा वर्षं गॅरेज ताई चालवत होती, आणि पंधरा वर्षं गिऱ्हाइकं तिलाच विचारत होती, "मालक कुठायत?" गिऱ्हाइकांचं तिला काही वाटत नसे. बाबांनी एकदा, फक्त एकदा, 'हे काम तुझं' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पण बाबा त्या बाबतीत भलतेच काटकसरी. नजर अधू झाल्यापासून ते आतल्या खोलीत खुर्ची टाकून कानांनी गॅरेज राखत बसायचे.

ताईने उजवी बाजू घेतली. नव्या हबमध्ये बेअरिंगची रिंग बसवायची म्हणजे ती तिरकी होऊ न देता चहूबाजूंनी सारखी ठोकावी लागते. ताईला बरोबर आठ ठोके लागत. आठव्याला आवाज बदलून भरीव व्हायचा. मग तळहातावर घासून घासून बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं, सील दाबायचं, नट आवळायचा, पिन घालायची.

डाव्या बाजूला कप्तानाने खोक्यातून नवा हब काढला आणि त्याचा चेहराच पडला. हब करडा होता! जुना हब त्याने गेल्याच महिन्यात बोटीला शोभेल असा निळा रंगवला होता. फोटोत करडा कसा दिसणार? ताईची पाठ वळताच त्याने नवा हब बाकाखाली सारला आणि नवी बेअरिंगं जुन्याच हबात, खड्डे पडलेल्या जुन्याच रिंगांवर बसवून टाकली. हातोडी उचलायची वेळच आली नाही. निळा रंग पाहून ताईला वाटलं, स्वारीने नव्या हबलाही रंग फासला. ती मनात हसली आणि विसरून गेली.

मग ट्रेलर गाडीला जोडून पेट्रोलपंपापर्यंत नेऊन आणला. चाचणीहून परतलं की आधी हबला पालथा हात लावून पाहायचा, हब तापला असेल तर काम कच्चं, असा त्या गॅरेजचा नियम होता, आणि तो मान अजून बाबांकडेच होता. ते चाचपडत आले. उजव्या हबला हात लावला. थंड. डाव्याला लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"उजवं माझ्या पोराचं," बाबा खुशीत म्हणाले. "आतून ऐकलं ना मी! मोजून आठ ठोके. आणि हे डावं ताईचं. तिकडून ठोक्याचा आवाजच नाही. ताई, घाई नडते बघ तुला."

कप्तानाने टोपी सारखी केली आणि छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात तिला बाकाखाली करडा हब दिसला, आणि सगळं ध्यानात आलं. ओठांवर आलेले शब्द तिने गिळले.

"चुकलंच माझं, बाबा," ती गोड आवाजात म्हणाली. "आता माझं चाकही कप्तानालाच नीट करू दे. त्याच्या हाताला गुण आहे." तिने करडा हब आणि हातोडी भावापुढे ठेवली आणि बाबांची खुर्ची आणून अगदी जवळ मांडली.

"अगं ताई, पण..."

"आठच तर ठोके."

पहिल्या ठोक्याला रिंग तिरकी झाली. पाचव्याला अडकली. विसाव्याला कप्तानाचा अंगठा सापडला आणि तिसाव्याला टोपी तेलात पडली. बाबांचं हसू मात्र दहाव्यालाच मावळलं होतं. त्यांचे डोळे अधू होते, कान नव्हते.

"थांब," ते म्हणाले. "सकाळचा हात हा नाही."

ताईचा जीव कानांत गोळा झाला. बाबांनी घसा खाकरला.

"ताई," ते म्हणाले, "चहा ठेव बघू."

"चहा कप्तान ठेवेल," ताई म्हणाली. "तापवायचं काम त्याला छान जमतं."

कप्तान अंगठा चोखत आत गेला. ताईने अडकलेली रिंग सोडवून सरळ केली आणि हातोडी उचलली. बाबांचे ओठ मोजत होते. आठव्या ठोक्याला आवाज भरीव झाला. पोळलेला हात चोळत बाबा चहाची वाट पाहत बसले.